हिशेबाची चावी आणि एका चुकीची कबुली



पोस्ट लांबलचक आहे. पण तुम्ही आपल्या साप्ताहिकाला कधी जाहिरात दिली असेल, जाहीर नोटीस छापून घेतली असेल, तर शेवटपर्यंत वाचा. यात तुमचा संबंध आहे.

गेल्या दसऱ्यापासून कोजागिरीच्या आदल्या दिवसापर्यंत, म्हणजे चार दिवस, आपल्या साप्ताहिकाची २१२ बिलं इंटरनेटवर उघडी पडली होती. पत्ता कळला असता तर कुणालाही ती पासवर्डशिवाय बघता आली असती. त्यावर नाव, पत्ता, मोबाईल नंबर आणि येणे बाकी रक्कम होती. हे कुठल्या हॅकरचं काम नव्हतं. चूक माझी होती. ज्यांना ताबडतोब सांगणं गरजेचं होतं त्यांना मी तेव्हाच फोन केले. बाकीच्यांना सांगायला इतके महिने लागले, कारण लाज वाटत होती. दुसऱ्याच्या चुका छापण्यावर माझं पोट चालतं. स्वतःची छापायची वेळ आली की हात किती जड होतो ते या वेळी कळलं.

तर आता पहिल्यापासून सांगतो.

आमच्या प्रेसचा हिशेब पूर्वी काकांच्या वहीत असायचा. काका म्हणजे आमचे हिशेबनीस, वडिलांच्या काळापासूनचे. सहा वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या गावातले एक गृहस्थ आले. म्हणाले, "साहेब, जाहिरातीची बिलं, वर्गणी, एजंटांचं कमिशन, सगळं एका जागी दिसेल. मोबाईलवरसुद्धा." वर्षाला ठरावीक रक्कम ठरली. सॉफ्टवेअर चांगलं चाललं, खोटं कशाला बोलू. बिल काढायला दोन मिनिटं लागायची. मी निर्धास्त झालो.

गेल्या घटस्थापनेला सकाळी पान उघडेना. दिवाळी अंकाच्या जाहिराती ऐन भरात होत्या. आमच्यासारख्या तालुक्याच्या साप्ताहिकाची वर्षाची मोठी कमाई त्या एका अंकावर असते, हे तुम्हाला सांगायला नको. कुणाची ऑर्डर आली, कुणाचा अॅडव्हान्स आला, कुणाची गेल्या वर्षीची बाकी आहे, सगळं त्या पानामागे. त्या गृहस्थांचा फोन दोन दिवस बंद. तिसऱ्या दिवशी लागला. "सर्व्हरचं भाडं थकलंय, घरात दवाखाना चालू आहे, बघतो." मी म्हटलं, निदान आमचा डेटा तरी काढून द्या. म्हणाले, "सर्व्हरच बंद आहे, देऊ कुठून?"

त्यांनी फसवलं असं मी म्हणणार नाही. त्यांची अडचण खरी होती. पण आमच्यात कागदावर एक ओळ नव्हती. डेटा कुणाचा, बॅकअप कुठं, काम थांबलं तर काय, काही म्हणजे काही लिहिलेलं नव्हतं. वर कळलं की इंटरनेटवरचा आमचा पत्ता, ज्याला डोमेन म्हणतात, तोही त्यांच्याच नावावर नोंदवलेला. साप्ताहिकाच्या नोंदणीचा कागद वडिलांनी फ्रेम करून भिंतीवर लावलाय. तेच नाव इंटरनेटवर मात्र दुसऱ्याच्या मालकीचं.

गंमत अशी, की त्याच वर्षी मी एका संस्थेच्या कारभारावर अग्रलेख लिहिला होता, तिजोरीच्या चाव्या एकाच माणसाच्या खिशात कशा, म्हणून. लोकांनी वाहवा केली होती. तेव्हा माझ्या तिजोरीची चावी माझ्याही खिशात नव्हती.

वाचवलं काकांनी. सॉफ्टवेअर आल्यावरही ते प्रत्येक बिल संध्याकाळी वहीत उतरवून ठेवत होते. मी एकदा चिडूनही बोललो होतो, दुप्पट काम कशाला करता. ते म्हणाले होते, "असू दे की. शाई माझी, वेळ माझा." घटस्थापनेच्या चौथ्या दिवशी त्यांनी तीच वही माझ्यासमोर ठेवली आणि एक शब्द बोलले नाहीत.

आता प्रश्न होता पुढं काय. दुसरा सॉफ्टवेअरवाला बघायचा तर पुन्हा तीच गत होण्याची भीती. पुण्यात नोकरीला असलेल्या भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, सर्व्हर स्वतःच्या नावावर भाड्याने घ्या. त्यावर फुकट मिळणारं बिलिंगचं सॉफ्टवेअर टाका. मी सांगतो तसं करा." आणि दोन दिवस सांगून तो स्वतःच्या कामात बुडाला. त्याचाही दोष नाही.

मी पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला माणूस. आमच्या वेळी संगणक म्हणजे पानं लावायचं यंत्र. पण हट्टाला पेटलो.

सर्व्हर म्हणजे काय, हे मला समजलं तसं सांगतो. मुंबईतल्या एका मोठ्या डेटा सेंटरमधल्या मशीनचा एक तुकडा महिन्याला सहाशे रुपये भाड्याने मिळाला. त्याला स्क्रीन नाही, माऊस नाही. आपल्या लॅपटॉपवर एक काळी खिडकी उघडते, त्यात हुकूम टाईप करायचे. त्यावर उबंटू नावाची लिनक्सची मुक्त प्रणाली. बिलिंगसाठी निवडलं डोलीबार. हे मूळ फ्रान्समधलं, वीस वर्षांहून जुनं मुक्त सॉफ्टवेअर. ग्राहक, बिलं, वसुली, साठा असं सगळं त्यात आहे. परवान्याला पैसे पडत नाहीत.

पण नुसतं सॉफ्टवेअर नेऊन टाकलं म्हणजे ते चालत नाही. तीन जण कामाला लावावे लागतात. आपल्या प्रेसच्या भाषेत सांगायचं तर एक काउंटरवरचा माणूस, जो गिऱ्हाईक आलं की मजकूर घेतो आणि तयार काम हातात देतो. त्याचं नाव एनजिनएक्स, उच्चार इंजिन-एक्स. दुसरा आतल्या खोलीतला ऑपरेटर, जो प्रत्यक्ष काम करतो. तो पीएचपी. आणि तिसरं कपाट, ज्यात सगळ्या नोंदी. ते मारियाडीबी. (त्याच्या जनकाने आपल्या धाकट्या मुलीचं, मारियाचं नाव दिलंय. मला हे फार आवडलं.) या तिघांची ओळख करून द्यायची, कुणी कुठल्या खोलीत बसायचं, कुणाला कुठली चावी, हे एकेका फाईलमध्ये हाताने लिहायचं. एक अर्धविराम चुकला तरी काउंटर उघडत नाही. प्रूफरीडिंगची सवय इथं कामाला आली.

नवरात्रातल्या रात्री मी हेच करत बसलो. घरात आरती व्हायची, प्रसाद खाऊन मी काळ्या खिडकीसमोर.

पहिल्याच रात्री घाबरलो. सर्व्हर घेऊन चार तास झाले नव्हते. कोण आत यायला बघतं त्याची नोंद सर्व्हर स्वतःच ठेवतो, ती उघडली. शेकडो प्रयत्न! कुठल्या कुठल्या देशांतून कुणीतरी 'रूट', 'अॅडमिन', 'टेस्ट' अशी नावं टाकून कडी हलवून बघत होतं. माझ्याशी कुणाचं वैर नव्हतं. यंत्रं असतात, दिसेल त्या दाराची कडी हलवत फिरतात. भाच्याने सांगितल्याप्रमाणे पासवर्डने आत येणं बंद केलं आणि फक्त माझ्या लॅपटॉपमधल्या किल्लीच्या फाईलनेच दार उघडेल असं केलं.

दुसऱ्या रात्री फायरवॉल लावली. म्हणजे कुंपण. कुंपण लावताना आपल्याला आत यायची फाटक आधी ठेवायची असते. ती मी विसरलो. सर्व्हरने विचारलंसुद्धा, तुमची चालू जोडणी तुटू शकते, पुढं जायचं का. मी उत्साहात हो म्हटलं. त्या खिडकीतून काम चालू राहिलं, पण बंद करून पुन्हा उघडायला गेलो तर दार बंद. स्वतःच्याच घराबाहेर. शेवटी भाडेवाल्या कंपनीच्या वेबसाईटवरून मागच्या दाराने आत गेलो आणि फाटक उघडली.

तिसऱ्या रात्री सगळं जोडलं आणि स्क्रीनवर आलं, '५०२ बॅड गेटवे'. दोन तास गेले. कारण एवढंच, की मी ज्या जुन्या लेखावरून ओळी उतरवल्या त्यात पीएचपीची आवृत्ती ८.१ होती, माझ्याकडे ८.३. काउंटरवरचा माणूस मजकूर घेऊन ज्या खोलीकडे जात होता ती खोलीच तिथं नव्हती. एक आकडा बदलला, काम झालं.

मग एक अडचण आली, जी पुढं उपकारी ठरली. वर्गणीदारांची अकराशे नावांची यादी आमच्या डीटीपी ऑपरेटरकडे होती, पण डीटीपीच्या जुन्या फॉन्टात, युनिकोडमध्ये नव्हे. नव्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ. ती यादी बाजूला ठेवली. तेव्हा चरफडलो. आज म्हणतो, देवाची कृपा. वर्गणीदारांची यादी त्या चार दिवसांत सर्व्हरवर नव्हती. वर्गणीदारांनी निश्चिंत राहावं.

आता मुख्य चूक. ती नीट सांगतो, कारण कुणाला तरी उपयोग होईल.

डोलीबारचं गाठोडं सोडलं की त्यात एक फोल्डर असतं 'एचटीडॉक्स'. लोकांना दाखवायचं तेवढं त्यात. दुसरं फोल्डर 'डॉक्युमेंट्स'. त्यात तयार झालेली बिलं, पत्रं, कागद साठतात. ते बाहेरच्या कुणाला दिसता कामा नये. सूचना स्पष्ट असते, की डॉक्युमेंट्स हे एचटीडॉक्सच्या बाहेर ठेवा. ती मी पाळली होती. दोन्ही फोल्डरं शेजारी शेजारी, एकाच मोठ्या फोल्डरमध्ये.

पण काउंटरवरच्या माणसाला, म्हणजे एनजिनएक्सला, 'तुझं दुकान इथून सुरू होतं' असं एका ओळीत सांगावं लागतं. तिथं मी एचटीडॉक्स लिहायच्या ऐवजी बाहेरच्या मोठ्या फोल्डरचं नाव लिहिलं. दुकानाचं शटर लावायचं ते मी वाड्याच्या दिंडीला लावलं. म्हणजे दुकान, मागचं गोदाम, कागदाचं कपाट, सगळं शटरच्या आत, गिऱ्हाईकाला खुलं.

हे तेव्हा लक्षात येण्यासारखं होतं. कारण पान उघडल्यावर '४०३ फॉरबिडन' आलं. सर्व्हर सांगत होता, इथं दाखवण्यासारखं काही नाही, तू जागा चुकलास. मी मात्र ते अडथळा म्हणून घेतलं. रात्रीचा एक वाजलेला, सकाळी दसरा, आणि दसऱ्याला नवं चालू करायचंच असं डोक्यात बसलेलं. कुठंतरी वाचलं, की एक ओळ टाका, 'ऑटोइंडेक्स ऑन', म्हणजे ४०३ जातं. टाकली. ४०३ गेलं. स्क्रीनवर फोल्डरांची यादी आली. एचटीडॉक्सवर क्लिक केलं आणि डोलीबारचं पान उघडलं!

मी खुर्चीतून उठून ओरडलो. बायको झोपेतून जागी झाली. मी जे साजरं करत होतो ते म्हणजे सर्व्हरची शेवटची ताकीद मी पुसून टाकली होती. आणि त्या एका ओळीने गोदामातल्या प्रत्येक कागदाची यादी येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल अशी दारावर लावून ठेवली होती.

चाललं म्हणजे बरोबर झालं, असं नसतं. हे मी शिकलो, पण चार दिवसांनी.

दसऱ्याला प्रेसमध्ये मशीनची पूजा झाली. झेंडूचा एक हार लॅपटॉपलाही घातला. काका, मी आणि बायको, तिघांनी वहीतून बघून २१२ येणे बाकी बिलं भरली. काका नवी बिलं काढून छापून देऊ लागले. वसुली सुरू झाली. मी ऐटीत होतो.

चौथ्या दिवशी संध्याकाळी गावातलाच एक मुलगा वडिलांच्या दुकानाची जाहिरात द्यायला आला. बीसीएला आहे. काका बिल करत होते, त्याची नजर स्क्रीनवर. म्हणाला, "काका, वरच्या अॅड्रेसमध्ये एचटीडॉक्स दिसतंय. ते दिसायला नाही पाहिजे." काकांनी मान हलवली. तासाभराने त्याचा मला फोन आला. आवाज खाली. "सर, मी घरी येऊन अॅड्रेसमधला मागचा भाग पुसून बघितला. तुमची सगळी बिलं दिसतायत. आमचंही दिसतंय. मी दुसरं काही उघडलं नाही. पण आत्ताच्या आत्ता बंद करा."

मी त्याने सांगितलं तसं केलं. माझ्या मोबाईलवर, लॉगिन न करता, फोल्डरांची यादी. डॉक्युमेंट्स. त्यात 'फाक्त्युर' नावाचं फोल्डर, फ्रेंचमध्ये बिल. त्यात ओळीने आमची बिलं. पहिलंच उघडलं तर एका ओळखीच्या डॉक्टरांचं. पायाखालची जमीन सरकली म्हणतात ती कशी, ते कळलं.

आधी एनजिनएक्सच बंद केलं. मग भाच्याला उठवलं. त्याने पहिला प्रश्न विचारला, "मामा, लॉग आहे ना? तो पुसू नका."

काउंटरवरचा माणूस एक रजिस्टर ठेवतो. कुठल्या पत्त्यावरून, किती वाजता, कोणती फाईल मागितली, दिली की नाही. ते रात्रभर वाचलं. यंत्रं बरीच येऊन गेली होती, पण ती त्यांच्या ठरलेल्या फाईली शोधून रिकाम्या हाताने परतली होती. बिलांच्या फोल्डरात गेलेले पत्ते चार. एक ऑफिसचा, एक माझ्या घरचा, एक त्या मुलाचा. आणि चौथा परका. त्याने मध्यरात्रीनंतर, सहा मिनिटांत, ११ बिलं उघडली होती. तो कोण, माणूस की यंत्र, त्यावरून सांगता येत नाही. पण कोणती ११, ते स्पष्ट लिहिलेलं होतं.

त्या रात्री मनात काय काय आलं ते लपवत नाही. आता बंद केलंय. कुणाला कळलंय? त्या मुलाला सांगितलं तर तोही बोलणार नाही. दिवाळी अंक तोंडावर आहे. जाहिरातदार बिथरले तर?

सकाळी काकांना विचारलं. ते म्हणाले, "दुसऱ्याच्या बाबतीत तू काय छापलं असतंस?"

कोजागिरीच्या दिवशी मी ११ फोन केले. बहुतेकांनी हसण्यावारी नेलं. "त्या बिलात काय लपवायचंय हो, बाकी आहे ती सगळ्या गावाला माहीत आहे." एका व्यापाऱ्याने मात्र गंभीरपणे विचारलं, आमची थकबाकी दुसऱ्या कुणी बघितली का. बरोबर आहे त्यांचं. बाजारात पत हीच पुंजी असते.

नववा फोन एका ताईंना होता. त्यांना विचारून हे लिहितोय, आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. त्यांनी नावात बदलाची जाहीर नोटीस दिली होती. सासर सोडून वेगळ्या राहतात, दुसऱ्या गावी काम करतात. नोटीस देताना काकांना बजावून सांगितलं होतं, की माझा नवा नंबर आणि राहण्याचा पत्ता छापू नका. आम्ही छापला नव्हता. पण बिलावर होता. मी सगळं सांगितलं. बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग म्हणाल्या, "भाऊ, छापला नाहीत, पण दारावर टांगलात की."

मला उत्तर नव्हतं.

त्यांनी नंबर बदलला. खर्च द्यायला गेलो तर घेतला नाही. म्हणाल्या, "पुढच्या बाईचा नंबर लिहून घेतानाच विचार करा, खरंच लागतो का." नोटीसचे पैसे रोख मिळालेले. बिलावर मोबाईल आणि पत्ता कशाला हवा होता? सॉफ्टवेअरमध्ये रकाना होता म्हणून भरला. आता जाहीर नोटिशीच्या बिलावर आम्ही नाव आणि रक्कम एवढंच लिहितो. ही सुधारणा कुठल्या तज्ज्ञाने सुचवली नाही, त्या ताईंनी सुचवली.

सुधारायला किती वेळ लागला माहीत आहे? वीस मिनिटं. ती एक ओळ एचटीडॉक्सवर आणली. 'ऑटोइंडेक्स' काढून टाकलं. डॉक्युमेंट्स फोल्डर उचलून सर्व्हरच्या पार वेगळ्या भागात नेलं. सेटिंगची फाईल फक्त वाचता येईल अशी केली, म्हणजे कुणी आत शिरलं तरी बदलू शकणार नाही. पुन्हा इन्स्टॉलेशन चालू करता येऊ नये म्हणून कुलपाची फाईल ठेवली. घाईत एके ठिकाणी '७७७' दिलं होतं, म्हणजे सर्व्हरवर जो कोणी असेल त्याला वाचायला, लिहायला, चालवायला मोकळीक. तेही काढलं. अडलेल्या माणसाला हा सल्ला सगळीकडे मिळतो. तो घेऊ नका. कुलूप उघडत नाही म्हणून दारच उखडून ठेवण्यातला प्रकार आहे तो.

डोमेन त्या गृहस्थांच्या नावावर अडकलं होतं, म्हणून तात्पुरतं दुसरं घेतलं होतं. दिवाळीनंतर मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा पाजला आणि जुनं डोमेन माझ्या नावावर करून दिलं. जुना डेटा मात्र गेला तो गेलाच. कुलपाचं चिन्ह दिसतं ते प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळतं. नव्वद दिवसांनी संपतं, त्याआधी आपोआप नवं व्हावं अशी सोय करून ठेवावी लागते. केली. पण लक्षात घ्या, त्या चार दिवसांतही ते कुलपाचं चिन्ह दिसतच होतं. रस्त्यात कुणी कागद वाचू नये याची काळजी ते घेतं. गोदाम उघडं असेल तर ते काही करू शकत नाही.

बॅकअप रोज रात्री दोनला ठरवला. पहिल्या आठवड्यात बघतो तर सकाळी साडेसातला होतोय. सर्व्हरचं घड्याळ आपल्या साडेपाच तास मागं होतं. ते भारतीय वेळेवर आणलं. नोंदींचं कपाट आणि बिलांचं फोल्डर, दोन्ही ऑफिसच्या कॉम्प्युटरवर येतात. आणि महिन्यातून एकदा मी तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवून एक बिल उघडून बघतो. काका शेजारी वही घेऊन बसतात. रक्कम जुळली की ते वहीत बारीक टिक करतात. उघडून न बघितलेला बॅकअप म्हणजे न वठलेला चेक.

आता हे सगळं जाहीरपणे कशासाठी सांगतोय?

एक, तुमचा तो हक्क आहे. केंद्राने २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा केला. त्यातलं एक तत्त्व साधं आहे, की ज्याची माहिती तुमच्याकडून फुटली त्याला ते कळवा. पण कायदा नसता तरी हे सांगायलाच हवं होतं, आणि लवकर सांगायला हवं होतं. उशिराबद्दल माफी मागतो.

दोन, हा प्रश्न माझ्या प्रेसपुरता नाही. आपल्या तालुक्यात पतसंस्था आहेत, दूध संस्था आहेत, शाळा, दवाखाने, क्लासेस आहेत. सगळ्यांचे हिशेब, आपले आधार नंबर, मुलांचे पत्ते कुठल्यातरी सर्व्हरवर आहेत. तो सर्व्हर कुणीतरी माझ्यासारखाच रात्री एक वाजता, सकाळी उद्घाटन आहे म्हणून, घाईत चालू केलेला असू शकतो. चहाच्या टपरीवर आपण सरकारला जाब विचारतो. पुढच्या वार्षिक सभेत, चहा-लाडू यायच्या आधी, एवढं विचारा:

१. संस्थेचं डोमेन आणि सर्व्हर कुणाच्या नावावर आहे? संस्थेच्या की सॉफ्टवेअरवाल्याच्या?

२. मुख्य पासवर्ड किती जणांकडे आहे? एकाकडेच असेल तर तो आजारी पडल्यावर काय?

३. बॅकअप कुठं आहे, आणि तो शेवटचा उघडून कधी बघितला?

४. लॉगिन न करता काय काय दिसतं, हे बाहेरच्या माणसाकडून कधी तपासून घेतलं का?

५. सॉफ्टवेअरवाल्याने काम सोडलं तर डेटा कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत मिळेल, हे करारात लिहिलंय का?

'आमचा माणूस बघतो' हे उत्तर आलं, तर समजा चावी संस्थेकडे नाही.

सगळ्यांनी स्वतः सर्व्हर चालवावा असं मी म्हणत नाही. मी चालवला आणि चार दिवस लोकांची बिलं टांगून ठेवली. चावी आपल्या खिशात घेतली की राखणही आपल्याच गळ्यात पडते. एक जाणकार माणूस पैसे देऊन महिन्यातून एकदा बघायला बोलवा. मी आता त्या बीसीएच्या मुलाला बोलावतो, मानधन देऊन. त्याचं नाव छापायला त्याने नको म्हटलंय, नाहीतर पहिल्या पानावर छापलं असतं.

तुमचं बिल त्या २१२ मध्ये होतं का, हे बघायचं असेल तर ऑफिसला या. यादी छापून काकांच्या टेबलावर ठेवली आहे, पण ते फक्त तुमचीच ओळ दाखवतील, शेजाऱ्याची नाही. रविवारी बंद. बाकी दिवस सकाळी दहा ते सहा.